सरावातलं वाक्य

टाळ्या चुकीच्या जागी पडल्या. प्रियदर्शनीच्या लक्षात आधी एवढंच आलं. सरपंच तुळजाबाईंच्या ग्रामसभेतल्या त्या भाषणाची क्लिप तिने आजवर इतक्या सभागृहांत वाजवली होती की लोक कुठे हसतात, कुठे खोकतात, कुठे मान खाली घालून टिपण काढतात हे तिला पाठ झालं होतं. टाळ्या मात्र कुणी कधी वाजवल्या नव्हत्या. क्लिप सुरू करून तिने सवयीने नजर खाली वळवली होती, कारण पोडियमवर ठेवलेला मोबाइल थरथरला होता, आणि त्यावर पाळणाघराच्या सुहासिनीताईंचा मेसेज होता : सोनूचं अंग जरा कोमट लागतंय, घाबरू नका. घाबरू नका असं वाचल्यावर माणूस जसा घाबरतो तशी ती घाबरत होती, आणि छातीत दूध दाटून ब्लाउज ओला होईल की काय या नव्या, वर्ष-दीड वर्षाच्या भीतीने पदर सारखा करत होती, तेवढ्यात टाळ्या पडल्या. तिने वर बघितलं. समोरच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. आणि टाळ्यांच्या मागून, स्पीकरमधून, भांडं सरकवल्याचा आवाज आला, मग कडीचा, मग तुळजाबाईंचं हसू. ग्रामसभेच्या मांडवात भांडं नसतं. भांडं गोठ्यात असतं. गोठ्यात तुळजाबाई भाषण करत नाहीत, गोठ्यात त्या सराव करतात, आणि सराव कुणाला ऐकवायचा नाही असं प्रियदर्शनीने त्यांच्या गळ्याची शपथ घेऊन कबूल केलेलं होतं.

ती पुढे बोलत राहिली. हे तिला नंतर फार विचित्र वाटलं, की ती बोलत राहिली, आवाज न हलता, जिथे थांबायचं तिथे थांबून. बायका सभेत कशा बोलतात, कुठे श्वास घेतात, माइक हातातून काढून घेतला जातो तेव्हा काय करतात, यावर इतकी वर्षं काम केलं की आपला स्वतःचा आवाज एखाद्या पाळलेल्या जनावरासारखा होतो, मालक दारात मरून पडला तरी ते ठरल्या वेळी ओरडतं. तिच्या सगळ्या कामाचा पाया एकच होता. भाषणाच्या आदल्या दिवशी ती त्या बाईकडे जायची, चुलीपाशी, गोठ्यात, पाण्याच्या टाकीमागे, जिथे ती बाई मनातल्या मनात बोलून बघत असेल तिथे, आणि तो सराव टेप करायची. मग भाषण टेप करायची. आणि दोन्हींच्या मध्ये काय गळून पडलं ते शोधायची. पुढारी होणं म्हणजे काय बोलायचं हे कळणं नव्हे, काय गाळायचं आणि गाळलेलं लोकांना कसं ऐकू येऊ द्यायचं हे कळणं, असं तिने लिहिलं होतं, आणि त्याचं उदाहरण तुळजाबाई होत्या. भाषणात त्या म्हणाल्या होत्या, गायरानाची जागा कुनी खाल्ली ते गावाला ठावं हाय. आणि सगळा मांडव हसला होता, आणि ज्याने खाल्ली तोही पहिल्या रांगेत बसून हसला होता. सरावात मात्र त्यांनी नाव घेतलं होतं. थोरल्या दिराचं नाव, ज्यांना घरात ‘दादा’ सोडून दुसरी हाक नाही, ते नाव, धार काढता काढता, सरळ. गायरानाची जागा हिंदुरावांनी खाल्ली. प्लॉट पाडले, इकले, आन् सह्या माझ्या घेतल्या. मी सरपंच, मला वाचू बी दिलं न्हाई. आणि मग हसल्या होत्या, पोरीसारख्या, पहिल्यांदा नाव उच्चारल्याच्या नवलाने. हेच आत्ता पुण्यातल्या एका वातानुकूलित सभागृहात वाजलं होतं, आणि लोकांनी टाळ्या दिल्या होत्या, आणि हे सगळं मागच्या तिवईवरच्या कॅमेऱ्यातून जगभर चाललं होतं.

दोन्ही फायली शेजारी शेजारी होत्या. काल संध्याकाळी सोनू मांडीवर होती, लॅपटॉपची कडा चावायला दात शिवशिवत होते तिचे, आणि प्रियदर्शनी एका हाताने तिचं तोंड बाजूला करत दुसऱ्या हाताने फाइल ओढत होती. एवढंच झालं होतं. एवढ्याशा गोष्टीला चूक म्हणावं असंही काही नव्हतं.

चहाच्या वेळी तिने मंदाकिनीबाईंना खिडकीपाशी गाठलं. मंदाकिनीबाई तिच्या मार्गदर्शक होत्या, आणि डिसेंबरात त्या निवृत्त झाल्या की संशोधन केंद्राचा कार्यभार प्रियदर्शनीकडे येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. सगळं ऐकून घेऊन बाईंनी बिस्किट चहात बुडवलं, मऊ होऊ दिलं, खाल्लं.

“म्हणजे आपण एका बाईचं खाजगी बोलणं चव्हाट्यावर आणलंत,” त्या म्हणाल्या. “छान. टाळ्याही मिळवल्यात.”

“बाई, मी आता काय करू?”

“काही करू नका. तो व्हिडिओ काढून टाकायला सांगा, आणि गप्प बसा. आपण अभ्यासक आहोत, गावातल्या भावकीत आपलं काही नसतं. आणि हे बघा, कुणी विचारलंच तर चूक झाली एवढंच म्हणायचं. साहित्य खोटं आहे, बनवलंय, असलं काही भलतं बोलून बसू नका घाबरून. एकदा ते बोललात की तुमची सगळी टेप खोटी. पंधरा वर्षांची. मग केंद्रबिंद्र विसरा, तुमचा निबंध कुणी रद्दीतही घेणार नाही.” मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “पदर नीट घ्या. दूध दिसतंय.”

व्हिडिओ काढून टाकायला सांगितल्यावर तंत्रज्ञ मुलगी हेडफोन गळ्यात ओढून म्हणाली, “काढते मॅडम, पण लाइव्ह होतं ना. ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं.” आणि तेव्हा प्रियदर्शनीला आठवलं की सकाळी रिक्षात बसताना तिने स्वतःच त्याची लिंक पाठवली होती. तुळजाबाईंच्या मुलीला, संस्कृतीला. संस्कृती वाघोलीच्या कॉलेजात शिकत होती, तिला ताई म्हणायची, आपल्यालाही पुढे हाच अभ्यास करायचाय म्हणायची. आज तुझी आई पुण्यात गाजणार, असं प्रियदर्शनीने लिहिलं होतं, आणि पुढे एक हसरा चेहरा. गाजणार. तिने फोन उघडला. संस्कृतीच्या स्टेटसवर तो तुकडा होता, नेमका तोच, आणि त्यावर लिहिलं होतं, प्राउड ऑफ यू आई. बिचारीने सरावही ऐकला नव्हता आणि भाषणही नीट ऐकलं नव्हतं. आईचा आवाज आणि लोकांच्या टाळ्या एवढंच तिला ऐकू आलं असेल. ते स्टेटस प्रियदर्शनीच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं. थोड्या वेळाने मेसेज आला. ताई काकांनी बघितलं. तुम्ही फोन करू नका प्लीज.

त्या एका ओळीत तिला जे ऐकू आलं ते दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. तिच्या कपाटात असे कितीतरी आवाज होते. सभेत बोलल्यावर ज्यांची शिवणयंत्रं विहिरीत गेली त्या बायका, ज्यांच्या मुलीचं लग्न आठवड्यात उरकलं गेलं त्या, ज्या पुढल्या वर्षी मुलाखतीला गेल्यावर म्हणाल्या, मी कशाला बोलते बाई, मला बोलायला येतच नाही. हे सगळं तिने सारणीत बसवलं होतं. परिणाम, या मथळ्याखाली. आता सभागृहाच्या जिन्यात उभं राहून तिला वाटलं की ती सारणी आपण कधी वाचलीच नव्हती, नुसती लिहिली होती. तुळजाबाईंना नवरा नव्हता. जमीन अजून वाटून मिळाली नव्हती. ज्या घरात त्या झोपायच्या त्याची किल्ली हिंदुरावांच्या करदोट्याला होती.

पाळणाघरात सोनूने तिला बघितल्याबरोबर हात वर केले. ताप फारसा नव्हता, पण ताप आलेलं मूल ठेवून घ्यायचं नाही हा सुहासिनीताईंचा नियम होता, आणि तो त्यांनी दारावर लावलेल्या पाटीकडे नुसतं बोट दाखवून सांगितला. वारज्याच्या घरी जायचं, मुलीला औषध द्यायचं, कुशीत घेऊन पडायचं, असं कुणीही केलं असतं. तिने नवऱ्याला, सुदर्शनला, फोन केला, तुळजाबाईंच्या गावी निघालेय म्हणाली. तो हिंजवडीत मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला.

“एकटी कुठे चाललीस? आणि हिला घेऊन? संध्याकाळी मी येतो, आपण दोघं जाऊ ना.”

“संध्याकाळपर्यंत काय होईल?”

“काही होत नाही गं. तू फार पुढचं बघतेस.”

“माझं कामच आहे ते,” ती म्हणाली, आणि कॅब आली म्हणून फोन ठेवला.

गणपती होऊन गेले होते तरी रस्त्याच्या कडेचे मांडव अजून निम्मे उभे होते, बांबू निघालेले, कापड लोंबणारं. सोनू छातीशी चिकटून पिऊ लागली आणि पिता पिता झोपली. तिच्या कपाळाची धग ब्लाउजमधून आत येत होती. प्रियदर्शनीला वाटलं, किती सोपं आहे हिचं, हिला जे हवं ते ही ओरडून मागते, सराव करत नाही. सराव कधी सुरू होत असेल? तिला तिची आई आठवली, वेणूबाई, परभणीकडच्या त्या पत्र्याच्या घरात भाकरी थापताना ओठ हलवणारी. लहानपणी तिला वाटायचं आई देवाचं काहीतरी म्हणते. एकदा पाण्याची घागर ठेवायला म्हणून ती मागून गेली तर आई परातीला सांगत होती, पोरगी हुशार हाय, तिला पुण्याला धाडा, माझ्या पाटल्या मोडा, लोक काय म्हणतील ते मी बघते, आणि तुम्ही जर नाही म्हणालात तर मी तिला घेऊन माझ्या भावाकडं जाईन, हे लक्षात ठेवा. प्रत्येक वाक्याला एक थाप. मग वडील, नागोराव, जेवायला बसले. आई वाढत होती. प्रियदर्शनी भिंतीला टेकून वाट बघत होती की आता आई बोलेल. आई म्हणाली, मीठ बरोबर आहे ना. आणि मग, हात पुसता पुसता, पोरीचं काहीतरी बघा की. बास. आणि वडिलांनी मान हलवली आणि तिला पुण्याला धाडलं. त्या दिवसापासून ती जणू त्या परातीला सांगितलेल्या भाषणाच्या शोधात होती. ते तिला इतकं सुंदर वाटायचं, ते न बोललेलं. त्याच्यावर तिने पदवी मिळवली, नोकरी मिळवली, वारज्याचा फ्लॅट त्याच्यावरच उभा होता. पण परातीला सांगितलेलं कुणी जाऊन नागोरावांना सांगितलं असतं तर? हा विचार तिच्या मनात आजवर आला नव्हता. तो आत्ता आला.

नगर रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. वाघोली मागे पडली तशा दोन्ही बाजूंना नव्या स्कीमच्या पाट्या लागल्या, त्यांवर पोहणारी गोरी मुलं, आणि पाट्यांच्या खाली बाजरी. गावच्या कमानीपाशी ड्रायव्हरने विचारलं, “मॅडम, थांबू की जाऊ?” आणि तिने इतक्या जोरात थांबा म्हटलं की सोनू जागी झाली.

घराच्या ओट्यावर हिंदुराव खुर्ची टाकून बसले होते. पांढरा सदरा, नुकतं तेल लावलेले केस, वय झालेला, देखणा म्हणावा असा माणूस. त्यांना तिने ग्रामसभेत बघितलं होतं, जवळून कधी नाही. त्यांच्या मागे दाराच्या चौकटीत तुळजाबाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हात पदराखाली. चेहऱ्यावर काही नव्हतं, वळ नव्हता, रडल्याची खूण नव्हती, आणि हे बघून प्रियदर्शनीच्या जिवात जीव यायला हवा होता तो आला नाही. संस्कृती कुठे दिसत नव्हती.

“या मॅडम, या,” हिंदुराव उठले. “आत्ताच तुमची आठवन काढली. एवढ्या उनाचं लेकराला घेऊन आला? आनि हिला ताप दिसतोय की. आना इकडं.”

त्यांनी हात पुढे केले. प्रियदर्शनीने मुलगी दिली नाही असं तिला नंतर पक्कं आठवत होतं. पण सोनूच पुढे झुकली, अनोळखी माणसाकडे कधी न जाणारी सोनू, आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली, त्यांच्या गळ्यातल्या रुद्राक्षाला हात लावत. त्यांनी सवयीच्या हाताने तिचं झबलं नीट केलं. मोठ्या घरात खूप मुलं खेळवलेल्या माणसाचे हात होते ते.

“काय नाव गं तुझं?”

“सोनू,” प्रियदर्शनी म्हणाली.

“सोनू. बरं. सरपंचबाई, सोनूला पेढा आना.” तुळजाबाई आत गेल्या. हिंदुराव सोनूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. “आमची सरपंचबाई पुन्याला गाजली म्हनं. मी बघितलं. चांगलं बोलते. एवढं चांगलं बोलती हे आम्हाला घरात कधी कळलं न्हाई.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि लावला. आधी प्रियदर्शनीचा स्वतःचा आवाज आला, आता आपण ऐकू या, आणि सोनू मोबाइलकडे बोट करून म्हणाली, आई. मग गोठा, भांडं, नाव, हसू, टाळ्या. तुळजाबाई पेढ्याची वाटी घेऊन दारात थांबल्या होत्या. क्लिप संपेपर्यंत त्या थांबल्या, मग पुढे आल्या, वाटी ठेवली, पुन्हा चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या.

“माझं एवढंच विचारनं हाय,” हिंदुराव पेढा मोडून सोनूच्या तोंडात घालत म्हणाले. “हिला विचारलं तर ही बोलत न्हाई. म्हनून तुमास्नी विचारतो. तुम्ही शिकलेल्या. हे बोलनं कुनाचं?”

ओट्यापलीकडे कडुनिंबाखाली एक गाय कान हलवत होती. प्रियदर्शनीने तुळजाबाईंकडे बघितलं. बायकांच्या चेहऱ्यावरचं न बोललेलं वाचणं हा तिचा धंदा होता, आणि त्या चेहऱ्यावर तिला काहीच वाचता येईना. तिथे नको म्हणणं होतं की सांगा म्हणणं होतं, भीती होती की वाट बघणं होतं, तिला कळेना. तिला फक्त ते हात दिसत होते. जाड, स्वच्छ नखांचे, सोनूच्या मऊ टाळूवर. ते काही करत नव्हते. ते मायेने फिरत होते. आणि तिच्या मनात, कुठलीही तयारी नसताना, एक पूर्ण वाक्य तयार होऊन आलं.

“माझं आहे,” ती म्हणाली. “ते वाक्य मी लिहून दिलं होतं. आमच्या अभ्यासात असतं तसं. बोलायचा सराव व्हावा म्हणून मी काहीतरी लिहून देते, त्यात कुठलीही नावं घालते. त्यांनी नुसतं म्हणून दाखवलं.”

“कुठलीही नावं. आनि माझंच नाव घातलं व्हय?”

“गावात तुमचंच नाव सगळ्यांना माहीत. सुचलं ते घातलं. माझी चूक झाली.”

हिंदुरावांनी सोनूच्या ओठावरचा पेढा अंगठ्याने पुसला. मग हसले, मनापासून हसल्यासारखे. “आनि शेवटी हसली ती? ते बी लिहून दिलेलं?”

“हो. कंसात लिहिलं होतं.”

“कंसात,” ते म्हणाले. “काय गं, खरं का?”

तुळजाबाईंनी एक श्वास घेतला. तो श्वास प्रियदर्शनीला ओळखीचा होता. ग्रामसभेत बोलण्याआधी त्या असाच घ्यायच्या, लहानसा, नाकातून, आणि त्यानंतर त्या कधी अडखळायच्या नाहीत.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “ताईंनीच लिवून दिलं व्हतं. मला काय ठावं नाव कुनाचं घालायचं.”

“मग एवढं आधी सांगायला काय झालं व्हतं?” हिंदुराव म्हणाले, आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, त्याचं तोंड प्रियदर्शनीकडे. “मॅडम, आता हेच एकदा ह्याच्यात सांगा. तुमचं नाव, कॉलेजचं नाव, आनि हे. गावात चार लोकांनी बघितलंय, त्यांना बी दाखवायला पायजे. माझी बी काही अब्रू हाय.” सोनू अजून त्यांच्याच मांडीवर होती.

तिने सांगितलं. नाव, पद, केंद्राचं नाव. वाक्य मी लिहून दिलं होतं. मधेच तिच्या कानात मंदाकिनीबाईंचा कोरडा आवाज येऊन गेला, सगळी टेप खोटी, आणि तिला दिसलं की हे बघणारी पहिली माणसं पुण्यातली नसली तरी शेवटची पुण्यातली असतील. केंद्र, डिसेंबर, तिने जपून ठेवलेल्या त्या सगळ्या बायका, ज्यांनी जीव मुठीत धरून तिच्यासमोर ओठ हलवले, त्या सगळ्याच आता लिहून दिलेलं म्हणून दाखवणाऱ्या ठरतील. हे तिला दिसलं आणि तरी तिचा आवाज हलला नाही. हिंदुरावांनी मोबाइल खिशात टाकला, सोनूचा पापा घेतला आणि तिला परत दिलं, आणि प्रियदर्शनी तिला घेऊन ओट्याच्या पायरीवर बसली. “लेकराला काढा पाजा,” हिंदुराव म्हणाले. “तुळशीचा. सरपंचबाई, मॅडमना गाडीपर्यंत सोडा.”

गाडीपर्यंतची वाट गोठ्यावरून जात होती. तुळजाबाई पुढे चालत होत्या. गोठ्याच्या आडोशाला आल्यावर त्या थांबल्या.

“तुम्हाला काही केलं का त्यांनी?” प्रियदर्शनीने विचारलं.

“न्हाई. पोरीला खोलीत कोंडली व्हती. म्हनले, शिक्षान बंद. आता उघडतील.” त्यांनी सोनूच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला. “ताई, ते तुमच्या फोनात हाय का? मी बोललेलं?”

“आहे.”

“मला ऐकू द्या. मघाशी त्यांच्यासमोर काय ऐकू आलं न्हाई.”

प्रियदर्शनीने लावून दिलं. तुळजाबाईंनी फोन कानाशी धरला, पदराच्या आत, जसा कुणी परगावच्या माणसाचा फोन घेतं तसा, आणि गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून ऐकलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलत होते.

“बरं बोलले व्हते की मी,” त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

“मी ते त्यांना—”

“असू द्या. तुमचं काय चुकलं न्हाई. लेकरू त्यांच्या मांडीवर व्हतं, मी बघत व्हते. मी बी हेच केलं असतं.” गाडीचं इंजिन सुरू झालं होतं, ड्रायव्हर आरशातून बघत होता. “दोन तारखेला ग्रामसभा हाय. गांधी जयंतीची. पोरगी म्हनाली व्हती, आई, ह्या वेळी नाव घे. मी म्हनलं घेते. मनात ठरलं व्हतं माझं, सगळं म्हनून झालं व्हतं.” त्यांनी हाताने गाईवरची माशी वारली. “आता उपेग न्हाई. म्या नाव घेतलं की ते तुमचं बोलनं लावतील. सगळं गाव म्हनल, ताईंनी लिवून दिलेलं बोलतीया. आता मी खरं बोलले तरी ते तुमचंच.”

प्रियदर्शनीला काहीतरी म्हणायचं होतं. मी दोन तारखेला येईन, सगळ्यांसमोर सांगेन की खोटं मी बोलले, ते वाक्य तुमचं आहे. तोंडापर्यंत आलं होतं. तुळजाबाई थांबल्याही होत्या, ऐकण्यासाठी थांबावं तशा, मान किंचित कलती करून. घराच्या आतून हिंदुरावांचा आवाज आला, कुणाला तरी, खोलीचं दार उघडा रे, आणि ते वाक्य प्रियदर्शनीच्या घशातून खाली उतरलं, जसं गिळलेलं कडू औषध उतरतं, सावकाश, जागोजागी जाणवत.

“जावा,” तुळजाबाई म्हणाल्या. “अंधार व्हायच्या आत पोचाल.”

गाडी कमानीबाहेर पडली. पाट्या, बाजरी, पाट्या. सोनू पेढ्याने चिकट झालेली बोटं चोखत तिच्या खांद्यावर डोकं टाकून होती, ताप उतरू लागला होता, मानेवर घाम आला होता. सुदर्शनचा मेसेज आला, सगळं ठीक? तिने लिहिलं, ठीक. मग मुलीला छातीशी धरून तिने नेहमीसारखं तिच्या केसांत नाक खुपसलं, आणि तिथे सोनूचा वास नव्हता. त्या माणसाच्या तेलाचा होता, गोडसर, माक्याचा, देवळातल्यासारखा. तिने खिडकी उघडली. रुमाल पाण्यात भिजवून मुलीचं डोकं पुसलं, पुन्हा पुसलं, सोनू कुरकुरली तरी पुसत राहिली, आणि पुसताना तिला अगदी स्पष्ट कळत होतं की आत्ता गाडी कुणी वळवली, तिला पुन्हा त्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि विचारलं हे बोलनं कुनाचं, तर ती पुन्हा हेच सांगेल, याच आवाजात, आणि या वेळी मोबाइल टेकवायच्या आधीच.